अपुरे चिलखत

गेल्या उन्हाळ्यात बेळगावातील आमच्या मंडळीत सुट्टीतील बायबलशाळा भरली होती. तिसऱ्या दिवशी इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील देवाच्या शस्त्रसामग्रीचा धडा होता. धडा संपल्यावर मी मुलांना कागद व रंगीत खडू वाटले आणि सांगितले, "देवाचा शिपाई काढा." बहुतेक मुलांनी भिंतीवरील तक्त्यातला मिशाळ रोमी शिपाईच पाहून काढला. मुलींनीही तोच काढला. अकरा वर्षांच्या एका मुलाने मात्र स्त्री शिपाई काढली होती. दुरून पाहून मला आनंद झाला. जवळ गेले, तर त्या शिपायाच्या हातात तलवार होती, डोक्यावर शिरस्त्राण होते, पण पोट आणि मांड्या उघड्या, आणि उरस्त्राणाच्या जागी वाट्यांसारखे दोन पत्रे. भावाच्या मोबाइलवरील खेळात अशीच असते, असे तो निरागसपणे म्हणाला. त्याच्या शेजारी बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीने कागदात डोकावून मला विचारले, "बाई, हिचं चिलखत अर्धंच का हो?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मुलाला म्हटले, "हिला नीट कपडे काढ," आणि पुढच्या बाकाकडे वळले. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न मनातून जाईना. मुलीने लाजेचा प्रश्न विचारलाच नव्हता. तिने धड्याचा प्रश्न विचारला होता. देव जर संपूर्ण शस्त्रसामग्री देतो, तर हिच्या वाट्याला अर्धीच का आली? त्या मुलीला उशिरा का होईना उत्तर द्यावे, म्हणून हा लेख.

नेहमीचे उत्तर आणि त्याची उणीव

अशा चित्रांविषयी मंडळीत बोलणे निघाले की आपण चटकन मर्यादशीलतेवर येतो. स्त्रियांनी सभ्य पोशाख करावा, हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण येथे तो लागू कसा करावयाचा? रक्तामांसाची स्त्री सकाळी उठून आपले कपडे निवडते. चित्रातील स्त्रीला कपाट नाही. तिने काय ल्यावे हे चित्रकार ठरवितो, त्याला पैसे देणारा प्रकाशक ठरवितो, आणि ते विकत घेणारा गिऱ्हाईक ठरवितो. तिला उपदेश करणे म्हणजे कठपुतळीला रागे भरण्यासारखे आहे.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशूने याविषयी जे शिकविले ते आपण पाठ केले आहे, पण त्याची दिशा आपल्या ध्यानात राहत नाही. वाईट वासनेने पाहण्याची जबाबदारी त्याने पाहणाऱ्यावर टाकली. डोळ्याविषयी कठोर व्हावयाचे तर आपल्या स्वतःच्या डोळ्याविषयी व्हावे, असे त्याने सांगितले. स्त्रियांनी पडद्यात जावे, असे सांगितले नाही. म्हणून या चित्रांचा विचार करताना "ही अशी का वागते?" हा प्रश्न सोडून "हिला असे कोणी दाखविले, कोणासाठी, आणि त्यामुळे दारात उभ्या असलेल्या खऱ्याखुऱ्या मुलीला काय ऐकू आले?" हे प्रश्न विचारले पाहिजेत.

हे चित्र आले कोठून?

अनेकांचा समज असा की अद्भुतकथांची परंपराच अशी आहे. राक्षस, तलवारी, जादूगार आले की अर्धवस्त्र स्त्री ओघानेच येणार. हा समज खरा नाही. या कथांचा आधुनिक मूळपुरुष म्हणून ज्यांचे नाव घेतात ते जे. आर. आर. टॉल्किन श्रद्धावान ख्रिस्ती होते. १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीत एओविन नावाची राजकन्या आहे. ती पुरुषवेषात, पुऱ्या चिलखतानिशी रणांगणात उतरते आणि ज्याच्यापुढे मोठमोठे वीर मागे सरले त्या शत्रूला मारते. त्यांचे मित्र सी. एस. लुईस यांच्या 'द हॉर्स अँड हिज बॉय' या १९५४ च्या बालकादंबरीत राणी ल्यूसी लढाईस निघते तीही शिरस्त्राण व साखळीचे चिलखत घालूनच. या दोघांच्या कथांत स्त्रिया कमी आहेत, ही तक्रार रास्त आहे. पण ज्या आहेत त्यांचे चिलखत अपुरे नाही.

ते अपुरे झाले पुढे, आणि मुख्यतः बाजारात. अमेरिकेत १९७३ साली चित्रकथांच्या एका मासिकात 'रेड सोंया' नावाची लढवय्यी स्त्री प्रथम आली, तेव्हा तिच्या अंगात साखळीच्या कड्यांचा सदरा होता. थोड्याच काळात दुसऱ्या एका चित्रकाराने तिला धातूच्या चकत्यांच्या दोन चिंध्यांत काढले. ते चित्र खपले, आणि मग तोच तिचा कायमचा वेष ठरला. कथेत काही घडले म्हणून वेष बदलला नव्हता. बदल झाला तो पाहणाऱ्यासाठी.

पुढच्याच वर्षी, १९७४ साली, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. आजच्या मोबाइलवरील व संगणकावरील कितीतरी खेळांचे मूळ या खेळात आहे, म्हणून तो थोडक्यात समजून घेऊ. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. एकजण कथा सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी धर्मोपदेशक. संकट आले की काय करावयाचे ते खेळाडू सांगतात आणि फासे टाकून निकाल ठरतो. पट नाही, सोंगट्याही असल्याच पाहिजेत असे नाही. सारा खेळ कल्पनेचा. म्हणूनच पुस्तकातील चित्रांना मोठे महत्त्व. आपण या जगात कोण होऊ शकतो, हे खेळाडू चित्रांवरून शिकतो.

या खेळाची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. तो प्रसिद्ध होण्यापूर्वी गायगॅक्स यांनी घरी ज्यांना तो प्रथम खेळविला, त्यांत त्यांचा मुलगा होता तशी मुलगीही होती. म्हणजे पहिल्या टेबलाशीच एक मुलगी बसलेली होती. मग लवकरच मुली त्या टेबलाशी पाहुण्या का ठरल्या?

१९७६ साली या खेळाच्या मासिकात एक लेख आला. स्त्रियांनाही या खेळात आणावे, असा त्याचा हेतू सांगितला होता. हेतू चांगलाच. पण त्यात सुचविले काय? तर पुरुष-पात्राच्या अंगी माणसांना वळविण्याचे, नेतृत्वाचे जे बळ मोजले जाते, त्याऐवजी स्त्री-पात्राचे सौंदर्य मोजावे. आणि पुरुषांना भुरळ घालणे हा तिच्या शक्तींतला एक भाग असावा. १९७८ च्या नियमपुस्तकात मानवी स्त्री-पात्राच्या शारीरिक शक्तीची कमाल मर्यादा पुरुषापेक्षा खाली ठेवली होती. ज्या जगात माणूस अग्निगोल फेकतो आणि अजगरांशी बोलतो, त्या जगात सारे शक्य होते. स्त्रीचा दंड तेवढा पुरुषाच्या बरोबरीचा होणे शक्य नव्हते! ती मर्यादा १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली.

आणखी एक उदाहरण देते, कारण ते आपल्याला सोपे उत्तर घेऊ देत नाही. जीन वेल्स या त्या कंपनीच्या खेळरचना विभागात काम करणाऱ्या पहिल्या स्त्री. १९८१ साली त्यांनी लिहिलेली 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस' ही साहसकथा छापून तयार झाल्यावर कंपनीने मागे घेतली. त्याच्या कारणांत एका चित्राचा उल्लेख होतो. त्यात एक स्त्री स्वतःच्याच केसांनी बांधलेली आहे आणि भोवती तिला छळणारे उभे आहेत. ते चित्र काढणारीही एक स्त्रीच होती. म्हणजे "पुरुष दोषी, स्त्रिया निर्दोष" अशी सरळ वाटणी येथे नाही. एखादी नजर सगळीकडे रुळली की आपण सारेच, स्त्रियादेखील, तिच्यातून पाहू लागतो. पापाविषयी पवित्र शास्त्र आपल्याला हेच शिकविते, नाही का?

ही बाब कोणत्या आज्ञेची?

आपण ही चित्रे नेहमी सातव्या आज्ञेखाली ठेवतो, व्यभिचाराच्या. ते चूक नाही, पण तेवढेच पुरेसेही नाही. माझ्या मते ही बाब नवव्या आज्ञेचीही आहे, म्हणजे शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष न देण्याच्या आज्ञेची.

चित्र ही साक्ष असते. "योद्धा असा दिसतो," असे ते सांगते. पुरुष योद्ध्याचे चित्र पाहा. त्याचे चिलखत जड, पाय रोवलेले, नजर शत्रूवर. त्याच पानावर स्त्री योद्धा असली, तर तिची कंबर मुरडलेली असते, तलवार फॅशनच्या वस्तूसारखी हातात लटकते, आणि नजर शत्रूवर नसून चित्राबाहेर, पाहणाऱ्यावर असते. पहिले चित्र म्हणते, "हा लढतो." दुसरे म्हणते, "ही दिसते." ही स्त्रीविषयीची खोटी साक्ष आहे. चिलखताचे काम घाव अडविणे. जे काळीज आणि पोट उघडे टाकते ते चिलखतच नव्हे. ते घालून कोणी लढत नाही, म्हणजे ही लढावयास आलेलीच नाही, असे चित्रकाराने आधीच ठरविले आहे.

खरी साक्ष कशी असते? फ्रान्समधील जोन ऑफ आर्कसाठी १४२९ साली तूर शहरात तिच्या मापाचे चिलखत करविले गेले. ते घालून ती ऑर्लियांच्या वेढ्यात उतरली. आपल्या जवळचे पाहावयाचे, तर आमच्या बेळगावात राणी चन्नम्मांचा घोड्यावरील पुतळा चौकात उभा आहे. १८२४ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेशी लढलेली ही कित्तूरची राणी. ग्वाल्हेरच्या वाचकांना राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीजवळचा पुतळा ठाऊक आहे. हे पुतळे घडविणाऱ्यांना स्त्रीचे शौर्य दाखविताना तिची शोभा करावी लागली नाही. तिचा हात कशासाठी उगारलेला आहे, हे त्यांनी दाखविले आणि तेवढे पुरले.

पण जोनची कथा येथे संपत नाही. १४३१ साली रुआँ येथे तिच्यावर खटला चालला. न्याय करणारे धर्माधिकारी होते, आणि तिने पुरुषी वेष केला हा तिच्यावरील आरोपांपैकी एक होता. शेवटी तिला जाळले. मला हे वाचताना नेहमी वाटते की एका काळी तिच्या अंगावर फार चढले म्हणून लोक रागावले, दुसऱ्या काळी फार उतरविले म्हणून लोक खूष झाले. तिच्या अंगावर काय असावे हे ठरविणारे मात्र दोन्ही काळी दुसरेच होते.

दोन-तीन आक्षेप

"हा तर नुसता खेळ, एवढे मनावर काय घ्यावयाचे?" असे कोणी म्हणेल. पण आपणच मुलांना गोष्टी सांगून शिकवितो. प्रभूने दाखल्यांनी शिकविले. कल्पनेतील शोमरोनी माणसाने दोन हजार वर्षे खऱ्या माणसांना रस्त्यात थांबविले आहे. कल्पना मनुष्याला घडविते हे चांगल्या गोष्टीविषयी मानावयाचे आणि वाईट चित्राविषयी नाकारावयाचे, हे कसे चालेल?

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. या खेळांतील पुरुषही कितीदा उघडेबंबच असतात. पिळदार दंड, छाती, कमरेला कातडे. मग स्त्रीबद्दलच तक्रार का? उत्तर असे की तो पुरुष, पाहणाऱ्या मुलाला जसे व्हावेसे वाटते तसा काढलेला असतो. ती स्त्री, त्याच मुलाला जे पाहावेसे वाटते तशी काढलेली असते. दोघांचेही कपडे कमी असतील, पण एकाची शक्ती वाढविली आहे आणि दुसरीची काढून घेतली आहे.

तिसरा आक्षेप आपल्यासारख्यांच्या मनातला आहे. मग सगळ्या स्त्री-पात्रांना मानेपासून टाचेपर्यंत झाकले की झाले? नाही. शरीर लाजिरवाणे आहे, असे उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय शिकवीत नाहीत. देवाने नर व नारी दोघांनाही आपल्या प्रतिरूपाचे केले आणि ते फार चांगले आहे असे पाहिले. पोहणारी, धावणारी, शेतात राबणारी स्त्री तिच्या कामाला साजेशा कपड्यांत दिसेल, आणि ते योग्यच आहे. झाकलेल्या स्त्रीचेही खोटे चित्र काढता येते. सोडवणूक होण्याची वाट पाहत बुरुजात बसलेली, लांब झग्यातली राजकन्या हीसुद्धा अर्धीच माणूस असते. किती वार कापड नेसविले, याचे मोजमाप येथे उपयोगी नाही. ती कोणीतरी आहे की नुसती कोणासाठीतरी आहे, हे पाहावे.

शास्ते पुस्तकातील दबोरा आठवा. रामा व बेथेल यांच्या दरम्यान ती खजुरीच्या झाडाखाली बसे, इस्राएल लोक तिच्याकडे न्यायासाठी जात, बाराक सेनापती तिच्यावाचून लढाईस जावयास तयार नव्हता. हे सर्व शास्त्र सांगते. ती दिसावयास कशी होती, याविषयी एक शब्द नाही. पवित्र शास्त्राला सौंदर्याचे वावडे नाही. राहेल, एस्तेर, तसाच दावीद, यांचे रूप ते सांगते. पण दबोरेची ओळख करून देताना त्याची जरुरी पडली नाही.

मंडळीने काय पाहिले?

आता आपल्या घरात डोकावू. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी या खेळाविरुद्ध मोठी मोहीम केली. त्यात सैतान व भुते आहेत, मुले जादूटोण्याकडे जातील, अशी त्यांना भीती होती. १९८४ साली जॅक चिक यांनी 'डार्क डंजन्स' नावाची चित्रपत्रिका काढली आणि ती फार पसरली. तिची नायिका एक मुलगी आहे; खेळाच्या नादाने ती जादूटोण्यात सापडते आणि शेवटी तिची सुटका होते. १९८९ च्या आवृत्तीतून कंपनीने भुते व सैतान ही नावे वगळली. भुते गेली, अर्धवस्त्र स्त्रिया मात्र मुखपृष्ठांवर राहिल्या.

भुतांची काळजी करूच नये, असे मी म्हणत नाही. असे खेळ खेळावेत की नाही, हा रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. पण पाहा, चित्रकाराने त्या मुलीत एक शरीर पाहिले आणि धर्मोपदेशकाने एक सावज पाहिले. तिला स्वतःला काय वाटते, हे दोघांपैकी कोणी विचारले नाही. चिचुंद्रीएवढ्या काल्पनिक भुताला आम्ही गाळून काढले आणि चित्रातील खरा अन्याय उंटासारखा गिळला.

शिवाय आम्ही कोणत्या तोंडाने बोलावे? मग्दालीया मरीया हिच्याविषयी शुभवर्तमाने काय सांगतात? तिच्यातून सात भुते निघाली, ती आपल्या द्रव्याने प्रभूची सेवा करी, वधस्तंभाजवळ ती होती, आणि पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांना देण्यास तिला पाठविले. ती वेश्या होती असे कोठेही लिहिलेले नाही. इ. स. ५९१ साली पोप ग्रेगरी यांनी एका उपदेशात तिला लूकच्या सातव्या अध्यायातील पापी स्त्रीशी एक केले, आणि पुढे शतकानुशतके चित्रकारांनी पश्चात्तापाच्या नावाखाली तिला कसे रंगविले ते पाहावे. सोळाव्या शतकात तित्सियानोने काढलेल्या प्रसिद्ध चित्रात तिच्या अंगावर केसांशिवाय काही नाही, आणि तेही छाती झाकीत नाहीत. पहिल्या साक्षीदार स्त्रीविषयी ही खोटी साक्ष. ती आम्ही प्रॉटेस्टंटांनीही कितीतरी उपदेशांतून पुढे चालविली.

आणि आमच्या शब्बाथशाळेच्या भिंतीवरचा तो तक्ता! देवाच्या शस्त्रसामग्रीत मिशाळ रोमी पुरुष. प्रेषित पौलाने ते पत्र इफिस येथील साऱ्या मंडळीला लिहिले. तिच्यात पुरुष होते तशा स्त्रियाही होत्या. नीतिमत्त्वाचे उरस्त्राण पुरुषांना वेगळे आणि स्त्रियांना वेगळे, असे त्याने लिहिले नाही. पण आमच्या वर्गात वर्षानुवर्षे एकच शिपाई टांगलेला. मुलांनी दुसरा शोधला तो मोबाइलवर, कारण आम्ही दुसरा दाखविलाच नाही.

टेबलाशी जागा

चित्रे सुधारली की सारे सुधारते काय? काही अंशी होय. १९८९ मध्ये नियमांतली मर्यादा गेली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत चित्रांमधील नमुन्याच्या पात्रांत स्त्रिया बरोबरीने आल्या आणि नियम समजावताना "तो" बरोबर "ती" असेही लिहिले गेले. २०१४ च्या आवृत्तीत "मानव" म्हणजे कोण हे दाखविताना जे चित्र छापले ते एका सावळ्या, नीट वेष केलेल्या, लढावयास सिद्ध असलेल्या स्त्रीचे होते. पुढे कंपनीने आपल्या खेळाडूंत सुमारे चाळीस टक्के स्त्रिया असल्याचे जाहीर केले. एका चित्रामुळे हे झाले असे नव्हे. पण दारावरची पाटी बदलली की आत कोणाला येता येईल, हे लोकांना कळते.

तरी पाटी बदलणे आणि खुर्ची देणे यांत अंतर आहे. अनिता सार्कीसियन या बाईंनी खेळांतील स्त्री-चित्रणावर २०१३ पासून चित्रफिती काढल्या. त्यांत टीका होती. कोणाला ती पटावी, कोणाला न पटावी. पण ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेतील युटा राज्याच्या एका विद्यापीठात त्यांचे व्याख्यान ठरले, तेव्हा सभेत गोळीबार करण्याची धमकी आली. सभागृहात बंदुका आणण्यास तेथील कायद्याने मनाई करता येत नव्हती, म्हणून त्यांनी व्याख्यान रद्द केले. चित्रांविषयी बोलणाऱ्या स्त्रीला एवढी किंमत द्यावी लागावी! आजही कितीतरी मुली असे खेळ खेळताना पुरुषी नाव घेतात आणि आपला आवाज ऐकू येऊ देत नाहीत.

आपल्याकडे कोणी धमकी देत नाही. आपण नुसता चहा करावयास सांगतो. मी तरुण असताना ज्या मंडळीत होते, तेथे उपासनेनंतर तरुण संघाच्या खोलीत कॅरम रंगे. मुले खेळत, आम्ही मुली बिस्किटांची ताटे फिरवीत असू. कोणी आम्हाला खेळू नका म्हटले नव्हते. चार खुर्च्या होत्या, आणि त्या नेहमी भरलेल्या असत. एवढेच. पुढे मीही शिक्षिका झाले, आणि कबूल करते, माझ्याही वर्गात ताटे मुलीच फिरवीत आल्या आहेत.

लूकच्या दहाव्या अध्यायातील बेथानीचे घर आपल्याला तोंडपाठ आहे. मरीया प्रभूच्या चरणांशी बसून ऐकत होती. त्या काळी गुरूच्या चरणांशी बसणे ही शिष्याची जागा, आणि ती पुरुषांची. मार्था रागावली, कारण कामाचा भार तिच्यावर पडला. तिचा राग समजण्यासारखा होता. पण प्रभूने मरीयेला उठविले नाही. तिने निवडलेली जागा तिच्यापासून काढून घेतली जाणार नाही, असे त्याने सांगितले. स्वागत म्हणजे हेच. मरीयेची दिसण्याची किंवा राबण्याची पात्रता प्रभूने पाहिली नाही. ती ऐकावयास आली होती, म्हणून ती शिष्य.

शिक्षकांसाठी थोडेसे

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आणि आईबापांना मी तीन लहान गोष्टी सुचविते. पहिली, मुलाच्या हातातील असे चित्र हिसकावू नका. त्याच्याबरोबर बसून पाहा. त्याला विचारा, "हे घालून हिला लढता येईल का? हिची नजर कोठे आहे? हिच्या जागी तुझी ताई असती, तर तू तिला लढाईला असे पाठविले असतेस का?" मुले फार लवकर उत्तर देतात. लाज शिकविण्यापेक्षा खरेखोटे ओळखावयास शिकविणे जास्त दिवस टिकते.

दुसरी, आपल्या वर्गातील चित्रे मोजा. दबोरा आहे का? शुभवार्ता घेऊन धावणारी मरीया आहे का, की नुसती रडणारीच आहे?

तिसरी, खेळ सुरू होण्यापूर्वी एक खुर्ची रिकामी ठेवा, आणि मुलीला नावाने हाक मारून तीवर बसवा. ताटे मुलांनाही फिरविता येतात.

मी स्वतः काय केले ते सांगून थांबते. बायबलशाळेच्या शेवटच्या दिवशी मी ते कागद पुन्हा वाटले आणि त्या मुलीला सर्वांसमक्ष म्हटले, "परवा तू विचारलंस ते बरोबर होतं. देव कोणालाही अर्धं चिलखत देत नाही. हे ज्यांनी काढलं त्यांचं चुकलं, आणि मी तुला उत्तर दिलं नाही, माझंही चुकलं." ज्या मुलाने चित्र काढले होते त्याने मान खाली घातली. तेव्हा तीच त्याला म्हणाली, "दे, मी पुरं करते." दोघांनी मिळून करड्या खडूने उरस्त्राण गळ्यापासून कमरेपर्यंत रंगविले. ढाल त्याने काढली. तक्त्यातल्या शिपायाशेजारी आता तो कागद लावला आहे. खडू थोडा रेषेबाहेर गेला आहे, पण चिलखत पुरते आहे.

ज्याने आम्हां सर्वांना, पुरुषांना आणि स्त्रियांना, एकाच बाप्तिस्म्यात ख्रिस्ताचे वस्त्र नेसविले, तो प्रभू आपल्या लेकरांकडे खऱ्या दृष्टीने पाहण्यास आम्हांस शिकवो.